त्रिशंकूला थांबवणारा हात

मे महिन्याच्या मध्यास, रात्री साडेनऊच्या सुमारास, छत्रपती संभाजीनगराबाहेर मोकळ्या माळावर उभे राहून दक्षिणेकडे पाहावे. नरतुरंगाचे दोन ठळक तारे सापडले की त्यांच्या उजवीकडे पतंगाच्या आकाराचे चार तारे दिसतात. तोच त्रिशंकू. त्याचा सर्वांत खालचा तारा इथून जेमतेम सात अंश वर येतो. एखादी इमारत आड आली की दर्शन संपले!

बालकांडातली कथा आपल्याला ठाऊक आहे. त्रिशंकूला सदेह स्वर्गात जायचे होते. वसिष्ठांनी नकार दिला, विश्वामित्रांनी त्याला वर धाडले, इंद्राने ढकलून दिले. डोके खाली करून कोसळणाऱ्या त्या राजाला विश्वामित्रांनी मध्येच थांबवले आणि त्याच्यासाठी दक्षिणेला नवे सप्तर्षी, नवी नक्षत्रे निर्माण केली.

खगोलशास्त्र म्हणते, या चौघांचा एक संसार नाही. माथ्यावरचा तांबूस तारा सुमारे ८८ प्रकाशवर्षे दूर, तर पायथ्याचा सुमारे ३२०. एकाचा आज दिसणारा उजेड निघाला तेव्हा मराठवाड्यावर निजामाचे राज्य होते. दुसऱ्याचा निघाला तेव्हा १७०७ साली खुलताबादेत विसावलेला औरंगजेब अखेरचे दिवस मोजत होता. म्हणजे प्रतिसृष्टी माणसाच्या डोळ्यानेच रचलेली.

आणखी एक गंमत. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलत सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी पुरी करतो. त्यामुळे प्राचीन ग्रीकांना दिसणारे हे तारे पुढे त्यांच्या क्षितिजाखाली गेले. आपल्याकडेही ते पूर्वी अधिक उंच दिसत. त्रिशंकू खरोखरच घसरतो आहे!

विधानसभा त्रिशंकू झाली की आपण हसतो. थांबवणारा हात मात्र विसरतो. बँकेत असताना एक मनुष्य कर्जासाठी आला होता. गावची जमीन भावाकडे, शहरातली नोकरी कंत्राटी. ना शेतकरी, ना पगारदार. मी शेरा मारला, ‘नियमात बसत नाही.’ शेरा चूक नव्हता, वसिष्ठांचाही नव्हता. पण त्याच्यासाठी दुसरा नियम शोधता आला असता का, हे मी पाहिलेच नाही. कागद घडी करून तो मुकाट्याने जिना उतरला.

आता मे महिन्यात त्रिशंकू दिसला की मला राजा आठवत नाही. तो जिना आठवतो.