ब्रश मुलाचा, हात मोठ्यांचा

दुकानात लहान मुलांचे ब्रश नेमके मुलांच्या नजरेच्या उंचीवर टांगलेले दिसतात, आणि हा निव्वळ योगायोग नसावा. दांड्यावर कार्टून, बुडाला चिकटणारा रबरी कप, दाबला की लुकलुकणारा दिवा. मूल बोट दाखवतं आणि आपण घेऊन टाकतो. ब्रश ‘सॉफ्ट’ आहे की ‘मीडियम’, हे पाकिटावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं, ते वाचायचं राहून जातं. पण त्याच्याही आधी विचारायला हवं ते हे, की हा ब्रश रोज धरणार कोण? साधारण सात-आठ वर्षांचं होईपर्यंत मुलाच्या मनगटाला दात घासण्याची बारीक वळणं जमत नाहीत. ज्याला अजून बुटाची नाडी बांधता येत नाही, त्याने वरच्या दाढेची मागची बाजू स्वच्छ करावी ही अपेक्षाच चुकीची. तोवर दात घासण्याचं खरं काम मोठ्यांचं. म्हणून ब्रशचं डोकं मुलाच्या तोंडाच्या मापाचं हवं आणि दांडा आपल्या मुठीत बसणारा.

डोकं किती लहान? आपल्या अंगठ्याच्या नखाएवढं, फार तर दोन दुधाच्या दाढा झाकेल इतकं. दुधाचे वीसही दात अडीच-तीन वर्षांपर्यंत येतात आणि शेवटची दाढ गालाच्या पार आत असते. मोठं डोकं तिथवर पोचण्याआधीच गालाला टोचतं, मूल तोंड मिटतं आणि घासणं पुढच्या पटाशीच्या दातांवरच आटोपतं. सहाव्या वर्षाच्या आसपास तर आणखी एक पेच येतो. दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ उगवते. ती दुधाचीच समजून अनेक घरांत दुर्लक्षिली जाते. उगवताना ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असल्यामुळे ब्रश तिच्यावरून नुसता सरकत जातो. तो आडवा धरून खास तिच्यावर फिरवावा लागतो. हे लहान डोक्याच्या ब्रशनेच साधतं.

केस मऊच हवेत, आणि इथेच सर्वांत जास्त वाद होतो. कडक ब्रशने दात जास्त स्वच्छ होतात, असं वाटणं स्वाभाविक आहे. भांडी आपण तशीच घासतो. पण दातांवरचा जिवाणूंचा थर चिकट असला तरी मऊ असतो, नखानेही खरवडून निघतो. तो कडक होऊन त्याचं कीटण झालं, की कोणताच ब्रश उपयोगाचा नाही. कडक केसांनी हिरडी मात्र सोलवटते, आणि एकदा दुखलं की मूल दुसऱ्या दिवशी ब्रश पाहूनच पळतं. दुसरा आक्षेप आजी-आजोबांच्या दातवणाचा आणि राखुंडीचा: त्यांचे दात कुठे किडले? ज्यांचे टिकले त्यांची आठवण राहते, कवळ्या विसरल्या जातात. शिवाय त्यांच्या लहानपणी दिवसातून चार वेळा क्रीमचं बिस्कीट नव्हतं. राखुंडीची खर दातांचं आवरण झिजवते, आणि दुधाच्या दातांचं आवरण मुळातच पातळ असतं. हे दात पडणारच, मग एवढी काळजी कशाला, हेही ऐकू येतं. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागा धरून ठेवतात. पाचव्या वर्षी किडलेल्या दाढेने पुढची पाच-सात वर्षं चावायचं कसं?

आता अधिक वजनदार आक्षेप: आपणच घासत राहिलो तर मूल शिकणार कधी? त्याला उत्तर म्हणजे दोन ब्रश. जाड, आखूड दांड्याचा त्याच्या मुठीसाठी. त्याने आधी मनसोक्त फिरवावा, कार्टूनही त्याच्यावरच असू द्यावं. मात्र ब्रश तोंडात घालून पळू देऊ नये, पडलं तर घशाला इजा होते. मग सरळ, लांब दांड्याचा ब्रश आपण घ्यायचा. मुलाचं डोकं मांडीवर, एका बोटाने ओठ बाजूला. ‘आ’ मोठा करायला सांगू नये. तोंड पूर्ण उघडलं की गाल ताणून दाढेला चिकटतो, अर्धवट मिटलं की ब्रशला वाट मिळते. रात्रीचं घासणं चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी सुटते. बॅटरीच्या ब्रशबद्दल विचाराल, तर अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१४च्या कॉक्रेन आढाव्यात तीन महिन्यांहून जास्त वापरानंतर साध्या ब्रशपेक्षा दातांवरचा थर सुमारे २१ टक्क्यांनी कमी आढळला. फायदा खरा आहे, पण तो ब्रशही दाढेपर्यंत न्यावा लागतोच.

ब्रशवरच्या पेस्टचं म्हणाल, तर जाहिरातीतली लांबलचक लाट विसरावी. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते. भारतात पेस्टमधल्या फ्लोराइडला दहा लाख भागांत १००० भागांची कायदेशीर मर्यादा आहे. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असतं. तिथे पेस्ट ठरवण्याआधी दंतवैद्याला विचारावं. ब्रश तीन-चार महिन्यांनी बदलतात, पण मुलं तो चावतात, त्यामुळे केस कधी महिन्यातच फाकतात. फाकलेले केस दाढेच्या खाचेत शिरत नाहीत. असा ब्रश समई आणि कंगवे घासायला ठेवावा.