तांबड्या सुरकुत्या

संपादकांनी जुन्या इटालियन भयपटांवर लिहायला सांगितलं, म्हणून १९५७ चा 'इ वाम्पिरी' लावला. एका दृश्यापाशी अडकलो, आणि रात्रभर तेच मागे घेऊन पाहत राहिलो.

पॅरिसमध्ये तरुण मुलींचे खून होताहेत, प्रेतांत रक्त उरलेलं नाही. वर्तमानपत्रं खुन्याला व्हॅम्पायर म्हणतात. पण इथे सुळे नाहीत, एक म्हातारी डचेस आहे. तरुण राहायला तिला मुलींचं रक्त लागतं. बोलपटांच्या काळातला इटलीचा हा पहिला भयपट मानतात. दिग्दर्शक रिकार्दो फ्रेदा. पण माझा जीव जडला तो कॅमेरामन मारिओ बावावर.

ते दृश्य असं: डचेस झालेल्या ज्यान्ना मारिया कानालेचा देखणा चेहरा आपल्या डोळ्यांदेखत म्हातारा होतो. डोळ्यांखाली रेघा उमटतात, गाल खोल जातात. मध्ये कुठेही शॉट तुटत नाही. पहिल्यांदा पाहताना माझा हात आपसूक स्वतःच्या गालावर गेला.

सुरकुत्या आधीपासूनच तिथे असतात, तांबड्या रंगाने काढलेल्या. फिल्म कृष्णधवल आहे. तांबड्या प्रकाशात तांबडी रेघ कातडीइतकीच उजळ उमटते, म्हणून दिसत नाही. प्रकाश हळूहळू हिरवा होत गेला की तीच रेघ काळी पडते. नटीने फक्त चेहरा स्थिर ठेवायचा; वय वाढवतो तो दिवा. हॉलीवूडमध्ये १९३१ च्या 'डॉ. जेकिल अँड मि. हाइड'मध्ये ही युक्ती वापरली होती. बावाचे वडील एउजेनिओ शिल्पकार आणि मूकपटांतले ट्रिक-फोटोग्राफीवाले. अशा करामती तो घरातच शिकला.

रंगीत फिल्म आली आणि ही युक्ती बाद झाली, कारण तिथे दिव्याचा रंगच पडद्यावर दिसतो. या चित्रपटाचे हाल तर चित्रीकरणापासूनच सुरू झाले होते. चित्रीकरणाला जेमतेम बारा दिवस. निर्मात्यांशी बिनसलं आणि फ्रेदा निघून गेला; राहिलेलं काम बावाने उरकलं. इटलीत चित्रपट पडला. इटालियन माणूस भयपट काढतो यावर तिथल्याच प्रेक्षकांचा विश्वास बसेना, म्हणून पुढे फ्रेदा 'रॉबर्ट हॅम्प्टन' या इंग्रजी नावाने वावरला. अमेरिकेत तर वेगळ्याच नटांची दृश्यं घुसडून 'द डेव्हिल्स कमांडमेंट' या नावाने तो दाखवला. ज्याने चेहरा म्हातारा केला आणि चित्रपटही पुरा केला, त्या बावाचं नाव श्रेयनामावलीत छायालेखक म्हणून येतं. दिग्दर्शक म्हणून एकट्या फ्रेदाचं.