माहेरी आल्यावरही त्रास थांबत नसेल तर…

घटस्फोटाचा दावा कोल्हापूरच्या कौटुंबिक न्यायालयात, लेक माहेरी कागल तालुक्यातल्या बिद्रीत. आणि नवरा फाट्यावर वाट अडवतो, रात्री अकराला धमकीचे मेसेज टाकतो. ‘निकालापर्यंत सोस’ हा सल्ला साफ चुकीचा. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 27 नुसार ती तात्पुरती राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो. कलम 26 मुळे चालू दाव्यातच संरक्षण आदेश मागता येतो. आदेश मोडला तर 1 वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मेसेज पुसू नका, चिडून उत्तरही देऊ नका. तारीख-वेळ वहीत टिपा. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील बाईला मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिवाला धोका वाटला तर 112, मदत-सल्ल्याला 181.