ताणामुळे तर झाले नसेल ना?

दरवर्षी स्मरणिकेचे संपादक माझ्याकडे लसीकरण, गोवर किंवा बाळाचा वरचा आहार यांपैकी एखाद्या विषयावर दोन पाने मागतात आणि मीही ती निमूटपणे देतो. यंदा मात्र मुद्दाम वाट सोडली आहे. एका आईने विचारलेला प्रश्न वीस वर्षांहून अधिक काळ माझ्या मनात घर करून आहे. मी कर्करोगतज्ज्ञ नाही, साधा बालरोगतज्ज्ञ आहे. पण हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाच्या दवाखान्यात कधी ना कधी विचारला जातो, म्हणून हे धाडस.

साल २००३. इंदूरमध्ये स्वतंत्र व्यवसाय सुरू करून मला जेमतेम तीन वर्षे झाली होती. ओळखीच्या एका मराठी कुटुंबातील पाच वर्षांची मुलगी गुडघे दुखतात म्हणून चालायला तयार नव्हती. मधूनमधून ताप येत होता. रक्तात हिमोग्लोबिन थोडे कमी, पांढऱ्या पेशींची संख्या मर्यादेत. मी बालसंधिवाताचे निदान केले आणि प्रेडनिसोलोन लिहून दिले. रक्ताची काच स्वतः पाहिली नाही, अस्थिमज्जेची तपासणी सुचवली नाही. चौथ्या दिवशी मुलगी अंगणात धावू लागली आणि आई पेढे घेऊन आली. ते पेढे मी खाल्ले, हे आज लिहितानाही जिवाला लागते.

अडीच-तीन आठवड्यांनी ती पुन्हा आली तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता, पोटऱ्यांवर जांभळे ठिपके होते आणि प्लीहा हाताला लागत होती. या वेळी मी काच सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहिली. ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. प्रेडनिसोलोनने संधिवात बरा केला नव्हता. ल्युकेमियाच्या पेशी काही काळापुरत्या मारल्या होत्या आणि निदान तेवढे लांबवले होते. आधी स्टेरॉइड मिळालेल्या मुलाच्या रोगाचा धोका कोणत्या गटातला, हे ठरवणेही पुढच्या डॉक्टरांना अवघड जाते.

मुंबईला न्यायचे ठरले. अवंतिका एक्सप्रेसची तिकिटे निघाली. त्या संध्याकाळी कागदपत्रे न्यायला आलेल्या आईने दारातच थांबून विचारले, "डॉक्टरसाहेब, ही पोटात होती तेव्हा ह्यांची नोकरी गेली होती. घरात फार ताण होता. त्या टेन्शनमुळे तर झालं नसेल ना हे?"

"छे हो वहिनी, तसं काही नसतं," मी म्हणालो. उत्तर बरोबर होते. पण ते ज्ञानातून आलेले नव्हते, निव्वळ सांत्वन होते. जे सांगायला हवे होते, म्हणजे निदान लांबले ते माझ्या औषधामुळे, ते सांगायला मला आणखी एक रात्र लागली. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर जाऊन सांगितले. तिचे वडील काही बोलले नाहीत. आई म्हणाली, "आता पुढचं सांगा."

गाडी सुटल्यावर घरी येऊन पुस्तके उघडली, ती आजतागायत पुरती मिटलेली नाहीत.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन अधिवृक्क ग्रंथी ताणाच्या वेळी दोन प्रकारची संप्रेरके सोडतात. गाभ्यातून ॲड्रिनलिन, सालीतून कॉर्टिसॉल. वैद्यकेतर वाचकांनी एवढेच ध्यानात ठेवावे की संप्रेरक हा निव्वळ निरोप असतो. त्याचा अर्थ ठरतो तो पेशीजवळच्या ग्राहीवर, म्हणजेच रिसेप्टरवर. १९४८ मध्ये अमेरिकेत रेमंड आल्क्विस्ट यांनी मांडले की ॲड्रिनलिन एकच असूनही कुठे रक्तवाहिनी आवळते, कुठे सैल करते, याचे कारण अल्फा आणि बीटा असे दोन वेगळे ग्राही. त्या काळी ग्राही ही अनेकांना कविकल्पना वाटे. पुढे जेम्स ब्लॅक यांनी याच कल्पनेवरून बीटा ग्राही अडवणारे प्रोप्रॅनोलॉल शोधले आणि १९८८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ॲड्रिनलिनचे ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर असतात. कॉर्टिसॉल मात्र थेट पेशीत शिरते. त्याचा ग्राही आत वाट पाहत असतो आणि संप्रेरकासह केंद्रकात जाऊन जनुकांची बटणे चालूबंद करतो.

लिम्फोब्लास्टमध्ये तो जे बटण दाबतो, ते पेशीच्या आत्मनाशाचे. एडवर्ड केंडल यांनी हाइलमन यांच्यासह १९४४ मध्येच दाखवले होते की ज्याला पुढे कॉर्टिसोन हे नाव मिळाले त्या द्रव्याने उंदरांतील लसिकापेशींची कर्कगाठ विरघळते. पाचसहा वर्षांतच ल्युकेमियाच्या मुलांना ही संप्रेरके दिली जाऊ लागली. आजही प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन यांच्यावाचून या रोगाचा उपचार सुरू होत नाही. जर्मनीतील बीएफएम गटाच्या उपचारपद्धतीत पहिले सात दिवस मुख्यतः प्रेडनिसोन देऊन आठव्या दिवशी रक्तातील ब्लास्ट पेशी मोजतात. त्या एका मायक्रोलिटरमध्ये १००० पेक्षा कमी असल्या तर रोग औषधाला दाद देतो आहे. ज्या पेशींतील ग्राही बिघडलेला असतो, त्या या औषधाला जुमानत नाहीत. माझ्या त्या मुलीची मी अजाणता हीच परीक्षा घेतली होती. फक्त गुण मोजायला कोणी नव्हते.

म्हणजे ताणाचे संप्रेरक कर्करोगाचा शत्रूच म्हणायचे का? इथेच गंमत आहे. २०१९ मध्ये बाझल येथील संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगाच्या उंदरांवरील काम प्रसिद्ध केले. रोग वाढला तशी त्यांच्या अंगातील ग्लुकोकॉर्टिकॉइडची पातळी वाढली, पसरलेल्या गाठींतील ग्राही जागे झाले आणि रोगाचा प्रसार सोपा झाला. संप्रेरक तेच, ग्राही तोच, पेशी निराळी. आपल्याकडे केमोथेरपीच्या उलट्यांसाठी डेक्सामेथासोन सर्रास दिले जाते. उंदरांवरील या कामावरून ते थांबवावे असे मी मुळीच सुचवणार नाही. पण सवयीने वाढवत नेलेल्या मात्रेकडे एकदा पाहावे, असे मात्र वाटते.

ॲड्रिनलिनची बाजू बालरोगतज्ज्ञांना अधिक जवळची, कारण तिच्यातील एक मोठा धडा एका तान्ह्या मुलाने दिला. फ्रान्समधील बोर्दो येथे नाकावर रक्तवाहिन्यांची लाल गाठ, म्हणजे हिमँजिओमा, असलेल्या बाळाला तेव्हाच्या रीतीप्रमाणे स्टेरॉइड दिले गेले. त्याने हृदयाचा स्नायू जाड झाला, म्हणून प्रोप्रॅनोलॉल सुरू केले. दुसऱ्याच दिवशी गाठीचा भडक लाल रंग जांभळट झाला, गाठ मऊ पडली. डॉ. क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ यांनी २००८ मध्ये अशा ११ मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. २०१५ मध्ये ४६० बाळांवरील चाचणी आली. सहा महिन्यांच्या पूर्ण मात्रेच्या उपचाराने ६० टक्के बाळांची गाठ पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेली, नुसत्या दिखाऊ औषधाने अवघ्या ४ टक्क्यांची. हिमँजिओमा हा कर्करोग नव्हे, हे खरे. पण वाढत्या गाठीला बीटा ग्राही रोखून आवरता येते, हे माणसाच्या बाळात डोळ्यांनी दिसले. पापणीवरच्या गाठीने डोळा झाकला जाऊ लागलेल्या एका बाळाला मी स्वतः हे औषध दिले आहे. डोळा उघडला. मात्र उपाशी बाळाला ते कधीही देऊ नये, रक्तातील साखर घसरते. घरघर असलेल्या बाळाच्या बाबतीत तर दहादा विचार करावा.

त्याआधी २००६ मध्ये ह्यूस्टन येथून उंदरांचा एक अभ्यास आला होता. उंदरांना रोज काही तास अरुंद जागेत कोंडून ठेवले. त्यांच्यातील अंडाशयाच्या गाठी अधिक वाढल्या, कारण गाठीतील बीटा-२ ग्राही जागे झाले आणि नव्या रक्तवाहिन्या फुटल्या. प्रोप्रॅनोलॉल दिल्यावर ताणाचा हा परिणाम थांबला. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातील अभ्यासात ताणाखालील उंदरांत स्तनाच्या कर्करोगाचा दूरच्या अवयवांतील प्रसार तीस पटींनी वाढलेला दिसला. वर्तमानपत्रांना एवढे पुरते. ताणाने कर्करोग होतो, असा मथळा तयार.

पण दोन्ही अभ्यास नीट वाचावेत. उंदरांना कर्करोग ताणाने झाला नव्हता, कर्कपेशी बाहेरून टोचल्या होत्या. ताणाने झाली ती असलेल्या रोगाची वाढ. रोगाचा जन्म आणि रोगाची वाढ या दोन गोष्टी एकच मानल्या की नको तो दोष नको त्या माणसाच्या माथी जातो. माणसांचे म्हणाल, तर युरोपातील १२ अभ्यासांतील सुमारे १,१६,००० स्त्रीपुरुषांची माहिती २०१३ मध्ये एकत्र तपासली गेली. कामाच्या ताणाचा आतडे, फुप्फुस, स्तन किंवा प्रोस्टेट यांच्या कर्करोगाशी संबंध आढळला नाही. आणि बालपणीच्या ल्युकेमियात तर, जन्मल्यानंतर टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या जपून ठेवलेल्या ठिपक्यांवरून कळले आहे की अनेक मुलांत जनुकांची पहिली चूक गर्भातच घडते. हे वाक्य आईसमोर जपून उच्चारावे. गर्भात घडते म्हणजे आईमुळे घडते, असे नव्हे. पेशी दुभंगताना होणारी ती नकलेची चूक आहे, आणि अशी चूक घेऊन जन्मलेल्या बहुसंख्य मुलांना हा रोग कधीच होत नाही.

मग रोग झाल्यानंतर तरी बीटा ग्राही अडवून लाभ होतो का? रक्तदाबासाठी ही औषधे घेणाऱ्या कर्करुग्णांच्या नोंदींतून कधी आशा दिसली, कधी काहीच दिसले नाही. त्यापेक्षा मला शस्त्रक्रियेच्या आगेमागे केलेले प्रयोग अधिक विचारपूर्वक वाटतात, कारण त्या दिवसांत भीती, भूल आणि सुरी या तिन्हींमुळे ॲड्रिनलिन उसळलेले असते. इस्रायलमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या ३८ स्त्रियांना शस्त्रक्रियेच्या पाच दिवस आधीपासून ११ दिवस प्रोप्रॅनोलॉल आणि एटोडोलॅक देऊन पाहिले. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. गाठीतील प्रसाराच्या खुणा उतरल्या. खुणा उतरणे म्हणजे आयुष्य वाढणे नव्हे. म्हणून माझ्या ओळखीतील एका सद्गृहस्थांनी पत्नीसाठी प्रोप्रॅनोलॉल लिहून मागितले, तेव्हा मी नकार दिला. त्यांना राग आला. अजून थोडा असावा.

त्या मुलीची हकिगत राहिली. मुंबईत तिचा रोग उपचाराला उतरला. स्टेरॉइडचा पहिला टप्पा संपवून मंडळी काही दिवसांसाठी इंदूरला आली असता एका रात्री साडेअकराला फोन आला. साधा ताप, दोन उलट्या. पण मुलगी गुंगीत, हातपाय गार, रक्तदाब खाली. बाहेरून आठवडेच्या आठवडे स्टेरॉइड मिळाले की मुलाच्या स्वतःच्या ग्रंथी झोपी जातात. औषध थांबल्यावर पहिले काही दिवस जवळजवळ प्रत्येक मुलात, आणि काही मुलांत कित्येक महिने, तापासारख्या प्रसंगी लागणारे कॉर्टिसॉल शरीरात तयारच होत नाही. ताणाचे संप्रेरक नसणे काय असते, ते अशा रात्री समजते. शिरेतून सलाइन आणि प्रतिजैविक सुरू केले आणि हायड्रोकॉर्टिसोन दिले, शरीराच्या प्रत्येक चौरस मीटरला ५० ते १०० मिलिग्रॅम या हिशेबाने.

पहाटे चारच्या सुमारास तिने पाणी मागितले. आई खाटेच्या कडेला बसली होती. रिकामी कुपी उचलून तिने विचारले, "हे त्याच जातीचं औषध ना, पहिल्या वेळी दिलं होतंत ते?"

"हो, त्याच जातीचं," मी म्हणालो.

"मग आज का दिलंत?"

मी खुर्ची ओढून घेतली आणि उजाडेपर्यंत जेवढे समजले होते तेवढे तिला सांगत बसलो.