उणे साठ अंशांत झाड जगते कसे?

रशियातील सैबेरियात व्हर्खोयान्स्क नावाचे छोटे गाव आहे. फेब्रुवारी १८९२ मध्ये तेथे पारा उणे ६७.८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. अशा थंडीत माणूस घरात शेकोटीपाशी बसतो. झाडाला मात्र जागा सोडता येत नाही. तरीही त्या मुलखात लार्च वृक्षांची जंगले मैलोन्‌मैल उभी आहेत. ती तग कशी धरतात, ते आम्ही आज वाचकांपुढे मांडत आहोत.

झाडाला खरी भीती असते ती पेशीच्या आत होणाऱ्या बर्फाची. त्याचे स्फटिक पेशीची मोडतोड करतात. म्हणून उन्हाळा सरताना दिवस लहान होऊ लागले की झाड वाढ थांबवते आणि पेशींत साखर साठवू लागते. पुढे थंडी पडली की पेशीतले बरेचसे पाणी बाहेर, दोन पेशींमधल्या फटीत येते आणि तेथे गोठते. आत उरतो पाकासारखा दाट रस. घरी फ्रीजरमध्ये एक वाटी पाणी आणि एक वाटी साखरेचा दाट पाक ठेवून पाहा. पाण्याचा दगड होतो, पाक मऊ राहतो.

दुसरे संकट तहानेचे. जमीन गोठली की मुळांना पाणी मिळत नाही आणि पानांतून मात्र ते उडत राहते. म्हणून लार्च आपली सुईसारखी पाने दरवर्षी गाळून टाकतो. स्प्रूस आणि पाइन पाने राखतात, पण त्यांवर मेणाचा लेप असतो. लहान झुडपे बर्फाखाली गोधडीत निजल्यासारखी सुरक्षित राहतात.

जपानी शास्त्रज्ञ अकिरा साकाई यांनी हिवाळ्यातल्या काही डहाळ्या आधी हळूहळू गोठवल्या, मग उणे १९६ अंशांपर्यंत थंड केल्या. त्या जिवंत राहिल्या! १९६० साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. पण अशाच झाडाचा वसंतातला कोवळा कोंब शून्याखाली चार-पाच अंशांतच करपतो. म्हणजे बळ झाडाच्या अंगी बारमाही नसते. वेळेवर केलेल्या तयारीतून ते येते.

आता ऋतूच वेळ चुकवू लागले आहेत. २० जून २०२० रोजी त्याच व्हर्खोयान्स्कमध्ये ३८ अंश तापमान नोंदले गेले. अवेळी ऊब आली की झाड लवकर जागे होते आणि मागून आलेली थंडी कोंब मारते. खालची कायम गोठलेली जमीन वितळली की उथळ मुळांची झाडे कलंडतात. उणे साठ अंश सोसणाऱ्या झाडाला आज धोका आहे तो उबेचा.