शेत आहे, मजूर नाही
टॉमस गेन्सबरोचे सुमारे १७५० चे ‘मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज’ हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. व्यक्तिचित्रात माणसे बहुधा मध्यभागी असतात. येथे दाम्पत्य डाव्या कडेला असून उजवी बाजू त्यांच्या जमिनीने व्यापली आहे. पत्नीच्या निळ्या पोशाखासमोर कापलेल्या पिकाचा पिवळा रंग उठून दिसतो. पतीच्या काखेत बंदूक आहे. १६७१ च्या कायद्याने शिकारीचा हक्क मुख्यतः जमीनमालकांपुरता ठेवला होता. तेव्हा बंदूक हेही मालकीचेच चिन्ह. शेतात पेंढ्या उभ्या आहेत. त्या बांधणारा मजूर मात्र कोठेच नाही. निसर्गचित्र म्हणून वाखाणली जाणारी ही कलाकृती वस्तुतः मालमत्तेचे चित्र आहे. तिच्या सौंदर्याचा आस्वाद घेताना श्रमाची ही अनुपस्थितीही रसिकाने वाचली पाहिजे.