मॉर्फिनची गोळी आणि पाचवे शील

कॅन्सरमध्ये वेदना वाढत जातात, साध्या गोळ्या पुरत नाहीत. तेव्हा डॉक्टर मॉर्फिन लिहून देतात. पण “ही तर अफू, शील मोडेल” म्हणून काही घरांत गोळी डबीतच राहते आणि आजारी माणूस रात्रभर कण्हत राहतो.

मॉर्फिन अफूपासून बनते हे खरे. पण पाचवे शील नशेपासून दूर राहायला सांगते. वेदनेसाठी डॉक्टरांनी ठरवून दिलेले औषध म्हणजे नशा नव्हे. रुग्णाची सेवा करा, ही तथागतांचीच शिकवण आहे. गरजू रुग्णांना हे औषध सहज मिळावे म्हणून २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्तीही झाली.

मात्र वेळ आणि मात्रा काटेकोर पाळा. दुखणे वाढले तर मनाने गोळी वाढवू नका, डॉक्टरांना विचारा. एकदम बंदही करू नका. हळूहळू विरघळणारी गोळी चावू किंवा कुटू नका. सुरुवातीची मळमळ, गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र राहते, म्हणून पोट साफ होण्याचे औषध सोबत मागून घ्या. दारू किंवा स्वतःहून घेतलेली झोपेची गोळी सोबत नको. श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

आपली घरे एका खोलीची, त्यात लहान मुले. डबी कुलपात ठेवा. शेजाऱ्याच्या कंबरदुखीला यातली गोळी देऊ नका. उरलेल्या गोळ्या रुग्णालयात परत करा.

हलवूनही माणूस जागा होत नसेल, श्वास फार संथ असेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर लगेच १०८ ला फोन करा.